आधी चिठ्ठी, मग वर्ग: सोलापूरच्या पूर्व भागातल्या वाचनवर्गांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौकापासून नीलमनगरपर्यंतच्या पट्ट्यात, घरातला पुरुष यंत्रमागावर आणि बाई विडीवर हे चित्र कित्येक पिढ्यांचं आहे. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, शेजारी कुठे कन्नड तर कुठे दखनी. महापालिकेच्या शाळाही मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांतली बरीच मुलं मराठी माध्यमात जातात. तिसरी-चौथीत पोचूनही मराठी परिच्छेद अडखळत वाचणारी मुलं या वस्त्यांत शोधावी लागत नाहीत.

अशा मुलांसाठी एक संस्था संध्याकाळचे वाचनवर्ग चालवते. वस्तीतलीच बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली मुलगी 'ताई' म्हणून नेमायची, तिला मानधन द्यायचं, समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी पडवीत वर्ग भरवायचा. मुलांची निवड 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या धर्तीवरच्या चाचणीने होते: मूल अक्षरं ओळखतं का, शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का. मागे पडलेल्यांना वर्गात घ्यायचं आणि वर्षअखेरीस पुन्हा तपासायचं.

या संस्थेने आमच्या महाविद्यालयातल्या समाजशास्त्राच्या गटाकडे मदत मागितली. त्या गटात संशोधनाच्या आराखड्याची बाजू मी पाहत होतो. संस्थेची आणि वस्त्यांची ओळख पटू नये म्हणून नावं आणि प्रत्यक्ष आकडे इथे दिलेले नाहीत. मजकुरात जिथे 'समजा' म्हणून आकडे येतील ते फक्त गणित समजावण्यासाठी आहेत.

प्रश्न कुठून आला

संस्थेचा वार्षिक अहवाल देखणा होता. जूनमध्ये अक्षरांवर अडलेली बहुतेक मुलं मार्चमध्ये शब्द आणि परिच्छेद वाचत होती. निधी देणाऱ्यांच्या नव्या अधिकाऱ्याने तो अहवाल वाचून एकच प्रश्न विचारला: वर्ग नसता तर ही मुलं मार्चमध्ये कुठे असती?

संस्थेतल्या काहींना तो प्रश्न अविश्वासाचा वाटला. मला तो मुलांच्या बाजूचा वाटला. वर्गाचा उपयोग होत नसेल, तर विडी वळणाऱ्या आईने मुलाला रोज सोडलेला दीड तास वाया जातोय आणि ते कुणीतरी वेळेत सांगायला हवं.

आधीच्या आणि नंतरच्या चाचणीची तुलना या प्रश्नाचं उत्तर देत नाही, याची कारणं तीन. एक, त्याच महिन्यांत मूल शाळेतही जात असतं आणि वयानेही वाढत असतं. दुसरं कारण कमी ध्यानात येतं. एका दिवशीच्या चाचणीत सगळ्यात खाली आलेली मुलं निवडली, की त्यांतली काही त्या दिवशी ताप होता, झोप झाली नव्हती किंवा परक्या माणसापुढे बोलती झाली नाहीत म्हणून खाली असतात. त्यांना पुन्हा तपासलं की काहीही न करता त्यांची सरासरी वर सरकते. आईवडलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये हेच सरासरीकडे सरकणं दाखवून दिलं होतं. म्हणजे फक्त मागे पडलेलेच निवडणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला थोडं यश आयतं मिळतं. आणि तीन, मार्चच्या यादीत फक्त टिकलेली मुलं होती. मध्येच सोडून गेलेली मुलं अहवालात कुठेच नव्हती.

संस्थेच्या समन्वयकांनी सुचवलं, "मग वर्गाला येणारी आणि न येणारी मुलं ताडून पाहू." ही तुलना आणखी फसवी ठरली असती. नियमित येणाऱ्या मुलाच्या घरात कुणीतरी त्याला वेळेवर पाठवणारं असतं. तेच माणूस त्याला शाळेतही पाठवतं, गृहपाठालाही बसवतं. त्यामुळे दिसणारा फरक वर्गाचा किती आणि घराचा किती, हे वेगळं काढता आलं नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय निरीक्षणाचा: वर्ग जिथे चालू आहेत त्या वस्त्या आणि आसपासच्या तशाच वस्त्या घ्यायच्या, दोन्हीकडे सुरुवातीची आणि शेवटची चाचणी घ्यायची, आणि वाढीतला फरक मोजायचा. यात पाळण्यासारखी एक अट असते. वर्ग नसते तर दोन्हीकडची वाढ सारख्याच वेगाने झाली असती, असं मानावं लागतं. इथे ते मानणं अवघड होतं, कारण संस्था वर्ग तिथेच सुरू करत आली होती जिथे ताई मिळाली. शिकलेली, काम करायला तयार, घरच्यांची परवानगी असलेली मुलगी ज्या वस्तीत आहे, ती वस्ती शेजारच्या वस्तीपेक्षा मुळातच वेगळी असू शकते.

दुसरा पर्याय उंबरठ्याचा. ठरावीक गुणांच्या खालच्या मुलांनाच वर्गात घेत असाल, तर रेषेच्या किंचित खालची आणि किंचित वरची मुलं जवळजवळ सारखीच असतात. त्यांची पुढची वाटचाल ताडून पाहायची. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी 1960 मध्ये शिष्यवृत्तीच्या अभ्यासात वापरलेली ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात कुणाचा हक्काचा वर्ग हिरावला जात नाही. पण तिला बारीक मोजपट्टी लागते. आमच्याकडे पाचच पातळ्या होत्या: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'शब्द' पातळीवरचं मूल 'परिच्छेद' पातळीच्या किंचित खाली आहे की बरंच खाली, हे अशा चाचणीतून कळतच नाही. हा पर्याय सोडावा लागला.

तिसरा, प्रत्येक वस्तीत मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. संख्याशास्त्राच्या नजरेने सर्वांत भक्कम रचना हीच. पण वस्तीच्या नजरेने टिकणारी नव्हती. एकाच गल्लीत एकाचं नाव लागलं आणि शेजारच्याचं नाही, तर संध्याकाळी दुसरंही दारात येऊन बसणार. ताई त्याला उठवणार नाही आणि तिने उठवूही नये.

चौथ्या पर्यायावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी संस्था. मागे पडलेल्या मुलांना शिकवायला वस्तीतलीच तरुणी नेमणाऱ्या तिच्या बालसखी कार्यक्रमाच्या मूल्यमापनात वडोदऱ्याच्या शाळांमध्ये सुंदर युक्ती वापरली होती: काही शाळांना तिसरीसाठी बालसखी द्यायची, काहींना चौथीसाठी. मग एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडायची आणि चौथी चौथीशी. कुठलीही शाळा रिकाम्या हाताने राहत नाही. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन यांचा तो अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांतली सरासरी वाढ पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचं माप) इतकी आढळली होती आणि तिचा मोठा भाग सर्वांत मागे असलेल्या मुलांमुळे होता. संस्थेला ही रचना लगेच पटली, कारण 'कुणालाही नाही म्हणायचं नाही' हे तिचं तत्त्व त्यात सांभाळलं जात होतं.

तरीही आम्ही ती घेतली नाही. कारण एका ताईनेच सांगितलं. तिच्या वर्गाला येणारी चौथीतली मुलगी रोज धाकट्या भावाला घेऊन येते. आई सूप मांडीवर घेऊन बसलेली असते, दिवसाचा हजार विड्यांचा आकडा पुरा करायचा असतो, लहान पोराला सांभाळणार कोण? ते पोर तिसरीत असेल तर तेही पाटीवर लिहितं, गोष्ट ऐकतं, ताई त्यालाही विचारते. मग चौथीचा वर्ग असलेल्या वस्तीतली तिसरी 'वर्ग न मिळालेली' राहतेच कुठे? शाळेत इयत्तांच्या खोल्या वेगळ्या असतात म्हणून बालसखीची रचना तिथे चालली. पडवीतल्या वर्गाला भिंतच नव्हती.

निर्णय: वस्ती हे एकक आणि टप्प्याटप्प्याने सुरुवात

उरला पाचवा पर्याय. अख्खी वस्ती एकक धरायची, निम्म्या वस्त्यांत यंदा वर्ग सुरू करायचा आणि निम्म्यांत पुढच्या जूनमध्ये. संस्थेला नव्या वस्त्यांत जायचंच होतं आणि सगळीकडे एकदम जाण्याइतका पैसा तिच्याकडे नव्हता. कुणाला तरी थांबावं लागणारच होतं. कोण थांबणार हे कार्यालयात बसून ठरवायचं की चिठ्ठीने, एवढाच प्रश्न होता. म्हणून चिठ्ठीमुळे मुलांवर अन्याय होतो ही हरकत मला इथे लागू वाटली नाही. याआधी जो निर्णय ओळखीने आणि सोयीने होत होता, तो आता सर्वांसमोर होणार होता.

या रचनेची किंमत मोठी असते. एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात. शाळा तीच, ताई तीच, पाणी येण्याचा दिवस तोच. त्यामुळे वीस मुलं तपासली तरी वीस मुलांइतकी माहिती मिळत नाही. समजा प्रत्येक वस्तीत 20 मुलं आहेत आणि त्यांच्यातल्या साधर्म्याचा गुणांक 0.15 आहे. मग नमुना 1 + 19 × 0.15, म्हणजे 3.85 पटीने 'आखडतो'. 400 मुलं तपासूनही हाती लागते ती साधारण 104 स्वतंत्र मुलांइतकी माहिती. हे गणित मांडल्यावर आम्ही प्रत्येक वस्तीतली मुलं कमी केली आणि वस्त्या वाढवल्या. संस्थेला ते गैरसोयीचं होतं, जास्त जागा आणि जास्त ताया लागत होत्या. या मुद्द्यावर आम्ही मागे हटलो नाही.

वस्त्यांच्या आम्ही जोड्या लावल्या. शाळेचं माध्यम, विडी आणि यंत्रमाग यांवरच्या घरांचं प्रमाण आणि सुरुवातीच्या चाचणीची सरासरी यांत सारख्या असलेल्या दोन वस्त्यांची एक जोडी, आणि चिठ्ठी जोडीच्या आत. जोड्या लावताना पाण्याचा मुद्दा एका विद्यार्थिनीने मांडला आणि तो नेमका होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि पाणी येतं त्या संध्याकाळी मुलं कळशा-बादल्या भरण्यात असतात. चाचणी एका वस्तीत पाण्याच्या दिवशी आणि दुसरीत कोरड्या दिवशी झाली, तर हजेरीतला फरक वर्गाच्या माथी बसेल. म्हणून शक्य तिथे एकाच पाणीवाटपाच्या वेळापत्रकातल्या वस्त्या जोडीला घेतल्या. मार्कंडेय रथोत्सवाचा आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा चाचण्यांसाठी आधीच खोडून ठेवला.

क्रमाबद्दलचा एक निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता. सगळ्या वस्त्यांत आधी ताई शोधायची, सगळीकडे सुरुवातीची चाचणी घ्यायची आणि त्यानंतर चिठ्ठी काढायची. उलट केलं असतं तर निरीक्षणाच्या पर्यायातली अडचण मागच्या दाराने पुन्हा आत आली असती: 'ताई मिळालेल्या वस्त्या' विरुद्ध 'बाकीच्या'. संस्थेला थांबलेल्या तायांना वर्षभर बांधून ठेवणं जड वाटत होतं. त्यांना थोडं मानधन आणि प्रशिक्षणाची तारीख लेखी देऊन तो प्रश्न सोडवला.

विश्लेषण कसं करायचं हेही चिठ्ठीआधीच लिहून ठेवलं: मुख्य निकष कोणता, कोणत्या उपगटांकडे पाहायचं, मूल शहर सोडून गेलं तर काय करायचं. त्या कागदावर तारीख घालून संस्था, आमचा गट आणि निधी देणारे अशा तिघांनी सह्या केल्या. नंतर हवं ते दिसेपर्यंत आकडे चाळायचा मोह होतो, तो कागद त्याला आळा घालतो.

चिठ्ठी

वस्तीत चिठ्ठीची कल्पना मांडताना आम्ही बराच वेळ लॉटरी, न्याय, संशोधन असं काहीबाही समजावत होतो. एका जोडीच्या बैठकीत एका विडी कामगार बाईंनी आम्हाला मध्येच थांबवलं. "सर, भिशीत नंबर नाही लागला तर आम्ही भांडतो काय? चिठ्ठी आमच्यासमोर काढा, एवढंच." त्यानंतर आम्ही फार बोललो नाही.

दोन वस्त्यांची नावं दोन कागदांवर लिहिली, स्टीलच्या डब्यात टाकली, एका लहान मुलाने एक उचलली. नाव वाचून दाखवलं, टाळ्या वाजल्या. आम्ही डबा आवरू लागलो तर त्याच बाई म्हणाल्या, "दुसरी पण उघडा." दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. दुसरी चिठ्ठी उघडून सर्वांना दाखवली. पुढच्या प्रत्येक जोडीत ते आमच्या पद्धतीचा भाग झालं. संशोधन आराखड्यांच्या पुस्तकांत यादृच्छिक वाटपाची खातरजमा कशी करावी यावर पानंच्या पानं आहेत. इथे ती खातरजमा भिशीच्या अनुभवाने झाली, आणि थांबलेल्या वस्तीने निकाल मान्य केला तो याच कारणाने.

वर्षभरात काय झालं

पहिला धक्का चिठ्ठीच्या आधी, सुरुवातीच्या चाचणीच्याच वेळी बसला होता. संस्थेच्या जुन्या वर्गांत वर्षानुवर्षं तीच गोष्ट वाचायला दिली जात होती. जुन्या वस्तीतून नव्या वस्तीत राहायला आलेल्या एका मुलीने आमच्या विद्यार्थ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढायच्या आतच गोष्ट म्हणायला सुरुवात केली, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता. मग तिला दुसरा परिच्छेद दिला, तर ती दुसऱ्या ओळीवर अडकली. आम्ही चाचणी थांबवली आणि त्याच अवघडपणाचे नवे संच तयार करून घेतले, सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा. चाचणी ताईंनी घ्यायची नाही, बाहेरच्या विद्यार्थ्यांनी घ्यायची आणि कोणत्या वस्तीत वर्ग आहे हे त्यांना सांगायचं नाही, असंही ठरलं. शेवटचा भाग निम्माच साधला, कारण मुलंच उत्साहाने सांगत, "आमच्या ताईंनी शिकवलंय."

दुसरी घटना एका थांबलेल्या वस्तीत घडली. तिथल्या ताईला पुढच्या जूनपर्यंत वाट पाहायची होती. पण गल्लीतल्या आयांनी गळ घातली आणि तिने घरीच मुलं बसवायला सुरुवात केली. आम्हाला कळलं तेव्हा दोन मतं पडली. एक, तिला थांबायला सांगायचं. दुसरं, ती जोडीच हिशेबातून वगळायची. माझ्या मते दोन्ही चूक होतं. स्वतःच्या वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या मुलीला संशोधनासाठी थांबवण्याचा अधिकार आम्हाला नाही. आणि जोडी वगळायची तर जिथे आयांना वर्गाची सर्वांत जास्त ओढ आहे, नेमकी तीच वस्ती बाहेर जाते.

म्हणून ती वस्ती 'थांबलेली' म्हणूनच मोजली. वर्गाला कोण प्रत्यक्ष आलं यावर नाही, तर चिठ्ठीत कुणाला काय लागलं यावर तुलना. यातून मिळणारा फरक थोडा कमी दिसतो, पण तो खरा असतो. प्रत्यक्ष वर्गाला येण्याचा परिणाम हवा असेल तर त्यावरून वेगळं गणित करता येतं. समजा चिठ्ठी लागलेल्या वस्त्यांत शंभरातली 60 मुलं वर्गाला आली आणि थांबलेल्या वस्त्यांत 10 मुलांना कुठून ना कुठून तसाच वर्ग मिळाला. दोन गटांच्या वाचनात सरासरी 0.2 पातळीचा फरक आहे. मग चिठ्ठीमुळे जी मुलं वर्गात आली, त्यांच्यापुरता परिणाम 0.2 भागिले 0.5, म्हणजे 0.4 पातळी. हे गणित एका गृहीतावर उभं असतं: चिठ्ठीचा परिणाम फक्त वर्गाच्या वाटेनेच व्हावा. चिठ्ठी न लागलेल्या वस्तीतले पालक हिरमुसून मुलांना खासगी शिकवणीला घालू लागले तर ते गृहीत कोसळतं. म्हणून शिकवणीबद्दलचा प्रश्न आम्ही दर तीन महिन्यांनी विचारत राहिलो.

तिसरी अडचण घरांची. कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहिली आहे. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं आणि पूर्व भागातली कुटुंबं हळूहळू तिकडे हलू लागली. आमच्या यादीतली काही मुलंही त्यांत होती. हक्काचं घर मिळणं ही आनंदाची गोष्ट, पण अभ्यासात ती गळती ठरते. आणि गळती दोन्ही गटांत सारखी नसेल तर तुलना वाकडी होते. वर्ग असलेल्या वस्तीतली आई कदाचित 'मार्चपर्यंत थांबू' म्हणेल, थांबलेल्या वस्तीतली लगेच निघेल. जोड्यांची रचना इथे कामी आली असती, एक जोडी पूर्ण वगळली तरी बाकीच्या जोड्यांतली चिठ्ठी शाबूत राहते. पण गळती एका जोडीत नव्हती, सगळीकडे थोडी थोडी होती. शेवटी दोन विद्यार्थ्यांनी रे नगरात जाऊन मुलं शोधली आणि तिथेच चाचणी घेतली. बरीच सापडली. जी सापडली नाहीत, त्यांची सुरुवातीची पातळी दोन्ही गटांत ताडून पाहिली आणि मोठा फरक दिसला नाही. हे पुरेसं समाधान नाही, फक्त धोका कमी असल्याची खूण आहे.

एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून मोजली नाही. मूल घरी विडीच्या कामाला हातभार लावतं का, हा प्रश्न निधी देणाऱ्यांना हवा होता. थेट विचारलं तर कायद्याच्या धाकाने प्रत्येक आई नाहीच म्हणणार. यादीचा प्रयोग करता आला असता: निम्म्या आयांना चार कामांची यादी द्यायची, निम्म्यांना त्यात विडीचं काम मिळवून पाचांची, आणि 'यांतली किती कामं मूल करतं' एवढंच विचारायचं. सरासरीतल्या फरकावरून प्रमाण कळतं, कुणा एकीचं उत्तर कळत नाही. पण या पद्धतीला मोठा नमुना लागतो, तो आमच्याकडे नव्हता. त्याऐवजी 'काल शाळेतून आल्यावर काय काय केलं' एवढंच मुलांना मोकळेपणी विचारलं आणि ती उत्तरं कुठल्याही नावाशी जोडली नाहीत.

काय निघालं

जून ते मार्चची वाढ चिठ्ठी लागलेल्या वस्त्यांत चांगली होती, संस्थेच्या जुन्या अहवालात असायची तशीच. पण थांबलेल्या वस्त्यांतही मुलं पुढे गेली होती आणि त्या वाढीचा मोठा भाग दोन्हीकडे सारखा होता. वर्गाच्या नावावर जमा करता येईल असा फरक उरला तो लहान. वर्गाला नियमित येणारी आणि न येणारी मुलं ताडली असती तर तोच फरक कितीतरी मोठा दिसला असता. समन्वयकांना समजावं म्हणून तीही तुलना करून आम्ही शेजारी ठेवली, आणि बैठकीत सर्वांत जास्त चर्चा त्या दोन स्तंभांवरच झाली.

लहान फरक सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. काहीच न येणारी आणि अक्षरांवर अडलेली मुलं वर्गामुळे स्पष्टपणे पुढे सरकली. परिच्छेदावर असलेल्यांत मात्र फरक दिसला नाही. हा उपगट सह्या केलेल्या कागदावर आधीच लिहिलेला होता, म्हणून त्यावर बोलायला आम्हाला संकोच वाटला नाही. वर्गांचं निरीक्षण केलेल्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत कारणही सापडलं: ताई तेलुगूतून अर्थ सांगत अक्षरांवर मन लावून काम घेत, पण पुढच्या मुलांना 'तुम्ही वाचत बसा' म्हणून बाजूला बसवत. आकड्यांनी फरक कुठे आहे ते सांगितलं, तो का आहे ते पडवीत बसून पाहिल्यावरच कळलं.

अंदाजाचा पल्ला, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे तो टप्पा, रुंद होता, वस्त्यांची संख्या वाढवूनही. 'परिणाम सिद्ध झाला' असं वाक्य संस्थेला अहवालात हवं होतं. आम्ही पल्ला दिला, त्याची दोन्ही टोकं सांगितली आणि ते वाक्य लिहिलं नाही. संस्थेने तो अहवाल तसाच निधी देणाऱ्यांकडे पाठवला, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

वेगळं काय करता येईल

धाकट्या भावंडांची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. त्यांच्यामुळे एक पर्याय बाद झाला, पण वर्गाचा त्यांच्यावर काय परिणाम झाला हे कुणी मोजलंच नाही. कदाचित वर्गाचा बराचसा लाभ तिथेच असेल. स्थलांतराचा अंदाज आधी घेता आला असता, कारण घरकुलाच्या याद्या वस्तीत सर्वांना ठाऊक असतात. पालकांचा एक आणि नातेवाइकाचा एक, असे दोन फोन नंबर सुरुवातीलाच घ्यायला हवेत. मोजपट्टी पाच पातळ्यांची न ठेवता एका मिनिटात बरोबर वाचलेल्या शब्दांची ठेवली, तर तेवढ्याच मुलांकडून जास्त माहिती मिळते आणि उंबरठ्याची रचनाही शक्य होते. पुढच्या खेपेला मी तीच आधी सुचवेन.

सर्वांत अवघड निर्णय शेवटी आला. फरक लहान आणि पल्ला रुंद म्हटल्यावर निधी देणाऱ्यांनी विचारलं, थांबलेल्या वस्त्यांना आणखी एक वर्ष थांबवता येईल का, म्हणजे परिणाम टिकतो का तेही कळेल. प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने रास्त होता. बालसखीच्या अभ्यासातही कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने वाढ 0.1 प्रमाण विचलनापर्यंत घटलेली आढळली होती, म्हणून टिकाऊपणा पाहायलाच हवा. पण चिठ्ठी काढताना पुढच्या जूनचा शब्द सर्वांसमोर दिलेला होता. तो मोडला असता तर पुढची चिठ्ठी या वस्त्यांत कुणी मानली नसती, आमची नाही आणि आमच्यानंतर येणाऱ्या कुणाचीही नाही. संस्थेने नकार दिला आणि आम्ही तिच्या बाजूने लेखी मत दिलं.

थांबलेल्या सगळ्या वस्त्यांत जूनमध्ये वर्ग सुरू झाले. आता दोन तुकड्या केल्या आहेत, अक्षर-शब्दवाल्यांची वेगळी आणि परिच्छेदवाल्यांची वेगळी, आणि कोणत्या वस्तीत दुसऱ्या तुकडीसाठी जादा ताई आधी द्यायची हे पुन्हा चिठ्ठीने ठरणार आहे. त्या यादीत धाकट्या भावंडांची नावंही आहेत.